मेहनत होती, खुराक नव्हता, झोप तर नव्हतीच

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

इअरफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, मेट्रोत असाल किंवा हिंजवडीच्या सिग्नलला अडकला असाल, तर आज आपल्याकडे भरपूर वेळ आहे.

आजचा एपिसोड फिटनेसवर आहे. थांबा, लगेच बंद करू नका. ‘तीस दिवसांत सिक्स पॅक’वाला हा एपिसोड नाही. माझे सिक्स पॅक आलेले नाहीत आणि येतील असंही वाटत नाही. आज मी एका आकड्याची गोष्ट सांगणार आहे. तो आकडा म्हणजे ६.१.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बीटेक झालोय, कोड लिहितो, आणि माझ्याकडे एक एक्सेल शीट आहे ज्यात मी दीड वर्ष माझ्या चुका नोंदवल्यात. एवढंच माझं क्वालिफिकेशन.

तर फेब्रुवारी २०२३. आमच्या कंपनीत दरवर्षी हेल्थ चेकअप असतं. उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं, मग फुकटचा उपमा खायचा आणि रिपोर्टचा मेल न उघडता आर्काइव्ह करायचा. तीन वर्षं मी हेच केलं. त्या वर्षी मात्र मेल उघडला, कारण महिनाभर आधी साताऱ्याला बाबांच्या डाव्या पायाची करंगळी काढावी लागली होती.

बाबांना डायबेटिस होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. एका लग्नासाठी नवे बूट घेतले, बूट चावला. तुम्हाला-मला बूट चावला तर आपण पाच मिनिटांत काढून ठेवतो. बाबांना कळलंच नाही. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात, दुखतच नाही. जखम झाली, चिघळली, आणि आईनं मोज्यावरचा डाग बघितला तेव्हा उशीर झाला होता. ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर लॅपटॉप उघडून स्टँडअप कॉलला ‘नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड’ म्हणत होतो. हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून मेल उघडला. एचबीए१सी, ६.१.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ही साखरेची अशी टेस्ट आहे की आदल्या दिवशी गोड सोडून फसवता येत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना किती साखर चिकटलीय यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. मी मध्यावर होतो. वय सव्वीस.

आणि मी जाडा नाही हो! उंची १७० सेंटीमीटर, वजन ६४ किलो. कॉलेजमध्ये मला ‘काडी’ म्हणायचे. बीएमआय २२.१. कुठल्याही चार्टवर हिरव्या रंगात.

मग शोधताना एक गोष्ट सापडली, आणि ती निघाली आपल्या पुण्यातलीच. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सारखेच दिसणारे दोन डॉक्टर, आत दुपटीहून जास्त फरक. आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. आपल्याकडे बरेच लोक हातापायांनी काटकुळे आणि पोटात चरबी असे असतात. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांसाठी ८० च्या आत असावा असं सांगतात. मी टेप आणली. ९२.

काडीला पोट होतं. टी-शर्ट ढगळे घालायचो म्हणून दिसत नव्हतं.

आता इथून माझा मूर्खपणा सुरू होतो.

आम्ही इंजिनीअर लोक. प्रॉब्लेम दिसला की सर्व्हर वाढवायचे. मी वाकडला जिम लावली, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेनं, आणि तोही घड्याळ लावून. मधल्या दोन संध्याकाळी पळणं, कारण ऑफिसातल्या ग्रुपनं हाफ मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन केलं होतं आणि मीही पैसे भरून मोकळा झालो होतो. रात्रीचं जेवण बंद, कारण एका रीलमध्ये एकानं सांगितलं की रात्री खाल्लं की सगळं चरबीत जातं. तो माणूस तेल लावून उभा होता, त्यामुळे मला पटलं.

पण माझा अमेरिकेच्या क्लायंटबरोबरचा कॉल होता रात्री साडेनऊ ते साडेअकरा. कॉल संपल्यावर डोकं गरगरत असायचं, मग ‘जरा’ मोबाईल. जरा म्हणजे पाऊण-एक. आणि जिमचा अलार्म सव्वापाचचा. साडेचार तास झोप. मला त्याचा अभिमान होता, खरं सांगतो. स्टेटसला पहाटेचा फोटो, खाली दंडाचा इमोजी.

सुरुवातीला सगळं छान चाललं. सिंहगडला पहिल्यांदा मला एक तास दहा मिनिटं लागली होती. सहाव्या आठवड्यात बावन्न मिनिटं. वजन उतरायला लागलं. मी आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, “आवाज का असा येतोय तुझा? बरं नाहीये का?”

मग शीटमधले आकडे उलटे फिरायला लागले. सिंहगड अठ्ठावन्न मिनिटं, मग एक तास पाच. स्क्वॉटला पन्नास किलो उचलत होतो, ते पंचेचाळीसवर आलं. सकाळी उठल्या उठल्या घड्याळात हार्ट रेट ६२ दिसायचा, तो ७४ दिसायला लागला. दोन महिन्यांत तीनदा सर्दी-ताप. एका छोट्या बगवरून ज्युनिअर मुलीवर ओरडलो आणि नंतर तिची माफी मागावी लागली. आणि मे महिन्यात नडगीच्या आतल्या बाजूनं हाड दुखायला लागलं. आधी पळताना, मग जिने उतरताना, मग बसल्या जागी.

फिजिओथेरपिस्ट बाई भारी होत्या. म्हणाल्या, “दम पटकन वाढतो, स्नायू त्याच्या मागून येतात, हाडं आणि स्नायुबंध सगळ्यात शेवटी. तुमच्या फुप्फुसांना वाटलं जमतंय, म्हणून तुम्ही पळालात. हाडाला कुणी विचारलंच नाही.” सहा आठवडे पळणं बंद. हाफ मॅरेथॉनचा टी-शर्ट आला घरी, पळालो नाही. तो टी-शर्ट मी अजून घालत नाही, लाज वाटते.

आणि जूनमध्ये पुन्हा रक्त तपासलं. चार महिने घाम गाळलेला, वजन ६१ वर आलेलं. मला वाटलं होतं ५.५ येईल.

६.१. जसाच्या तसा.

त्या रात्री मी काय केलं माहितीये? पूर्ण एक फॅमिली पिझ्झा खाल्ला. एकट्यानं. मरू दे म्हटलं, जीन्समध्येच आहे, बाबांचं झालं तेच माझं होणार.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरचा मामा आला पुण्याला. मामा तरुणपणी तालमीत होता. फार मोठा पैलवान वगैरे नाही, जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्त्या करायचा. पण चार-पाच वर्षं तालमीत राहून लाल मातीत घुमलेला. आता साठीला आलाय, गुडघे कुरकुरतात, तरी अजून मांडी घालून पंगतीला बसतो आणि हात न टेकता उठतो. तुम्ही करून बघा हे. एपिसोड संपल्यावर, ट्रॅफिकमध्ये नको.

मी त्याला सगळं सांगितलं. सहा दिवस जिम, गड, पळणं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “झोपतोस किती?”

“साडेचार-पाच तास.”

“आणि खुराक?”

“रात्री काही नाही. दुपारी डबा.”

मामा हसला. म्हणाला, “भाच्या, तू मेहनत न्हाई करालास. तू अंग मोडालायस. मोडलेलं बांधणार कोण?”

मग त्यानं तालमीचा दिवस सांगितला. तिथं व्यायामाला मेहनत म्हणतात. पहाटे उठून जोर, बैठका, मग लढती. त्यानंतर थंडाई, म्हणजे बदाम वाटून दुधात. मग जेवण, आणि मग दुपारी झोप. सक्तीची. मामा म्हणाला, मेहनतीला उशिरा आलं तर वस्ताद शिव्या घालायचे, पण दुपारी गावात हिंडताना दिसलं तर काठीच. कारण वस्तादांच्या हिशेबात झोप हा मेहनतीचाच भाग होता. मेहनत, खुराक, आराम. तिन्हीतलं एक काढलं की पोरगं एक तर आजारी पडतं नाहीतर दुखापत करून घेतं. माझी दोन्ही झाली होती.

आता मी काही लगेच नमस्कार करून शरण गेलो नाही. मी बीटेक ना. मला पेपर हवा. म्हणून शोधायला बसलो, आणि सापडलं ते बघून थोडा वेळ गप्पच बसलो.

१९९९ चा एक अभ्यास आहे, तोही ‘लॅन्सेट’मधलाच, शिकागोमध्ये झालेला. अकरा निरोगी तरुण मुलगे. त्यांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. बाकी काही केलं नाही. त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता घसरली. निरोगी पोरांची, सहा रात्रींत. आणि मी चार महिने हेच करत होतो, वर म्हणत होतो की व्यायाम करूनही साखर का उतरत नाही.

दुसरा २०१० चा, तोही शिकागोचाच. वजन कमी करणारे दहा जण. चौदा दिवस खाणं मोजून कमी दिलं, एकदा साडेआठ तास झोपायला वेळ दिला, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेच्या पाळीत चरबी निम्म्याहूनही कमी उतरली, आणि बाकीचं वजन स्नायूंसकट इतर भागातून गेलं. दहाच माणसं आहेत, छोटा अभ्यास आहे, मान्य. पण माझ्या ६१ किलोचा अर्थ मला तिथं लागला. वजन उतरलं होतं आणि ताकदही उतरली होती. मी चरबी ठेवून स्नायू विकत होतो.

आणि स्नायू विकणं महाग पडतं, खास करून आपल्यासारख्यांना. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त कुठं जाते? स्नायूंमध्ये. स्नायू हे साखरेचं कोठार. ज्याच्या घरी डायबेटिस आहे त्यानं कोठार वाढवायचं, तर मी भिंती पाडत होतो.

व्यायाम करताना स्नायू वाढत नाही, तेव्हा त्याच्यावर ताण येतो. बांधकाम नंतर होतं, पुढचे चोवीस-अठ्ठेचाळीस तास, खाल्लेल्या प्रथिनांतून आणि झोपेत. आपल्या भाषेत सांगायचं तर जिममध्ये तुम्ही फक्त कोड पुश करता, बिल्ड रात्री चालतं. मी रोज पुश करत होतो आणि बिल्ड सर्व्हर साडेचार तासांत बंद करत होतो.

तर पहिली दुरुस्ती जिममध्ये नव्हतीच. ती मीटिंगच्या कॅलेंडरमध्ये होती. आणि मित्रांनो, ही सगळ्यात अवघड होती. शंभर बैठका परवडल्या. मॅनेजरला ‘कॉलची वेळ बदलता येईल का’ विचारणं, त्याला मला तीन आठवडे लागले. वाटायचं, हा म्हणेल की याला काम नकोय. अप्रेझल तोंडावर होतं. शेवटी मी रिपोर्टच दाखवला. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, “अरे, माझा सहा पॉइंट आठ आहे.” त्यानं घरी सांगितलंही नव्हतं.

कॉल पूर्ण बंद नाही झाला. पण आम्ही टीममधले चौघं आळीपाळीनं घ्यायला लागलो, त्यामुळे माझ्या वाट्याला आठवड्यात दोन रात्री येतात आणि त्या साडेदहाला संपतात. त्या दोन रात्रींनंतरच्या सकाळी जिम नाही. चर्चाच नाही. अलार्मच लावत नाही. हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही. कॉल सेंटरला, हॉस्पिटलमध्ये, कारखान्यात शिफ्ट करणारी माझी मित्रमंडळी आहेत, त्यांना कुणी वेळ विचारत नाही. त्यांच्यापैकी एक जण नाइट शिफ्टनंतर खिडकीला काळा कागद लावून झोपतो आणि व्यायाम उठल्यावर संध्याकाळी करतो, झोपेच्या आधी नाही. त्याचं त्यानं बसवलंय.

बाकी झोपेचं फार काही शास्त्र केलं नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि मी रात्री नऊला कॉलसाठी कडक कॉफी घ्यायचो. मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात. पहिले चार दिवस झोपच आली नाही, छताकडे बघत पडलो. पाचव्या दिवसापासून आली. आता सात ते साडेसात तास होतात. कधी मॅच असली की नाही होत. चालायचं.

आता खुराक. इथं मला जास्त बोलायचंय, कारण इथं आपण मराठी लोक फार गमतीत गंडतो.

मी एक आठवडा जे खाल्लं ते लिहिलं. सकाळी पोहे. दुपारी डबा, म्हणजे तीन पोळ्या, बटाट्याची नाहीतर कोबीची भाजी, पातळ वरण, भात. संध्याकाळी चहा-बिस्कीट. रात्री काहीच नाही, आणि ज्या दिवशी खाल्लं त्या दिवशी पुन्हा तेच. ‘घरचं साधं जेवण’ म्हणतो ना आपण, तेच. ज्या दिवशी दोन्ही वेळा जेवलो त्या दिवशीची प्रथिनं मोजली तर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. आयसीएमआर म्हणते साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात. ६४ किलोला ५३ ग्रॅम. म्हणजे काहीच व्यायाम न करणाऱ्या माणसाला लागतात तेवढीही माझ्या पोटात जात नव्हती. आणि वजनं उचलणाऱ्यांसाठी, २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, त्यापुढे स्नायूंना फारसा फायदा दिसत नाही. मी मधलं धरलं, ९०-९५ ग्रॅम.

आई म्हणाली, “अरे, वरण असतं की रोज!” असतं. पण डब्यातल्या पातळ वरणाच्या वाटीत पाचेक ग्रॅमच असतात. उपासाला खातो त्या साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटामुळं. मी हे आईला सांगितलं तर तिनं दोन दिवस खिचडीचा विषयच काढला नाही माझ्याशी. रागावली होती. (आई, तू ऐकत असशील तर खिचडी उत्तमच असते.)

मी काय वाढवलं? तीन अंडी, प्रत्येकी सहा ग्रॅम. वाटीभर सुकं सोयाबीन वडी, तीस ग्रॅम धरा, त्यात पंधरा ग्रॅम प्रथिनं. हे सगळ्यात स्वस्त. नुसती खाल्ली तर रबर लागते, पण गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा-लसूण आणि काळ्या मसाल्यात परतली की माझे रूममेटसुद्धा चोरून खातात. दुपारी डब्याबरोबर मोठी वाटी दही. चारच्या बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे. रात्री एक ग्लास दूध. झाले पन्नास ग्रॅम. अंडी न खाणाऱ्यांनी पनीर धरा, शंभर ग्रॅमला अठरा. मटकीची उसळ, पिठलं, हुलग्याचं माडगं, हे सगळं आपल्याच घरातलं आहे, फक्त ताटात त्याचं प्रमाण चटणीएवढं झालंय. पूर्वी पिठलं-भाकरी हे जेवण होतं, आता ते सिंहगडावर जाऊन खायचं कौतुक आहे.

व्हे पावडर? ती दुधापासूनच बनते, विष नाही आणि जादूही नाही. परवडत असेल, गरज पडत असेल तर घ्या. मला लागली नाही.

आणि हो, रात्रीचं जेवण पुन्हा सुरू केलं. फक्त आठ वाजता. जेवल्यावर पंधरा मिनिटं सोसायटीत चक्कर. ही शतपावली आजोबा करायचे तेव्हा आम्ही हसायचो. जेवणानंतर थोडं चाललं की साखर कमी चढते, हे आता मोजून सिद्ध झालंय. आजोबांना ते रिपोर्टशिवाय माहीत होतं.

एक सावधगिरी, आणि ही मनापासून. ज्यांना डायबेटिस आहेच, किडनीचा काही त्रास आहे, त्यांनी माझं ऐकून प्रथिनं वाढवू नका. आधी डॉक्टर. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांनी आकडा वेगळा सांगितला आणि आम्ही तोच पाळतो.

व्यायामाचं आता पटकन सांगतो, कारण तो भाग खरंच सोपा आहे. आठवड्यात तीन दिवस, पाऊण-पाऊण तास. पायांचं काही एक, म्हणजे स्क्वॉट किंवा बैठका. जमिनीवरून उचलायचं एक. ढकलायचं एक, जोर धरून. ओढायचं एक. आठ-दहाचे तीन सेट, आणि अजून दोन मारता आले असते अशा ठिकाणी थांबायचं. हे थांबणं शिकायला मला महिना लागला. सगळे सेट नीट झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे, नाही झाले तर नाही वाढवायचे. जिम परवडत नसेल तर जोर-बैठका आहेत, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ओढायचा व्यायाम होतो. बाकीचे दिवस चालणं. डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान दीडशे मिनिटं म्हणते, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. दहा हजार पावलांच्या मागे मी लागत नाही. तो आकडा १९६५ च्या सुमारास एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नाही.

सिंहगड आता पंधरा दिवसांतून एकदा. घड्याळ खिशात. वर गेल्यावर दही खातो, तेही मडक्यातलं.

ऑगस्टपासून हे चालू केलं. पहिले पाच आठवडे शीटमध्ये काहीच हललं नाही, आणि मला वाटायला लागलं की मामानं गंडवलं. सहाव्या आठवड्यात सकाळचा हार्ट रेट ६५ दिसला. सर्दी झाली नाही. स्क्वॉट पुन्हा पन्नासवर गेला, दिवाळीत साठ. नोव्हेंबरमध्ये टेस्ट केली, ५.८. मार्च २०२४ मध्ये ५.६. वजन ६५ झालं, सुरुवातीपेक्षा एक किलो जास्त! कंबर ८६.

५.६ म्हणजे काठावर आहे, हे मला माहितीये. घरातला डायबेटिस कुठं जात नाही. कदाचित चाळिशीत मला गोळी लागेलही. पण ती चाळिशीत लागणं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी लागणं यात बारा वर्षांचा फरक आहे, आणि बाबांचा पाय बघितल्यावर बारा वर्षं मला लहान वाटत नाहीत.

बाबा माझ्यावर बराच काळ चिडून होते. कारण मी दिवाळीत घरी जाऊन त्यांना लेक्चर दिलं. “बाबा, तुम्ही आधीच हे केलं असतं तर...” असं एक वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते ताटावरून उठून गेले. ते वाक्य मी परत घेऊ शकत नाही. त्यांच्या वेळी त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की बारीक माणसालाही हे होतं, आणि तीस वर्षं त्यांनी बँकेच्या काउंटरवर बसून आमची शिक्षणं केली. माझी सहा दिवसांची जिम त्यांच्याच पैशाच्या बीटेकवर उभी होती.

नंतर मी लेक्चर बंद केलं आणि नुसतं सोबत चालायला लागलो. साताऱ्याला गेलो की सकाळी आम्ही दोघं चार भिंतीच्या रस्त्याला जातो. त्यांचे खास मऊ तळाचे बूट आहेत, निघण्याआधी ते बूट झटकून आत हात घालून बघतात. खडा आहे का, शिवण टोचतेय का. इन्सुलिन घेतात म्हणून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. करंगळी नसल्यामुळे सुरुवातीला तोल जायचा, आता पाऊण तास न थांबता चढतात. मागच्या महिन्यात चढावर ते माझ्या पुढे होते. मी मुद्दाम हळू चालत नव्हतो.

रात्री ते आरशावर पाय धरून तळवा तपासतात आणि मग मला फोन करतात. आधी त्यांचा आकडा सांगतात, मग विचारतात, “आज कॉल आहे का? मग अजून जागा का?”

तर आता दहा वाजत आलेत, आणि फोन येईलच. पुढच्या एपिसोडला फिजिओथेरपिस्ट मैत्रीण येणार आहे, तिला खुर्चीत दिवसभर बसणाऱ्यांच्या पाठीबद्दल विचारायचंय. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटमध्ये पाठवा, एक मिनिटाच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एकानं अकरा मिनिटांची पाठवली होती. आणि मामानं सांगितलेलं ते मांडी घालून हात न टेकता उठणं जमलं की नाही, ते पण कळवा.

चला, मी रेकॉर्डिंग बंद करतो. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायचाय.